मागचं बघ

आमच्या अंगणात कडुलिंबाखाली एक ऑटो सव्वीस वर्षं उभा होता. कोंबड्यांनी त्यात अंडी घातली, नातवंडांनी त्यात बसून हैदराबाद-मुंबईच्या फेऱ्या मारल्या, एका पावसाळ्यात तर दोडक्याचा वेल थेट हँडलावर चढला. भंगारवाला वर्षातून दोनदा यायचा, टपावर थाप मारायचा आणि भाव सांगायचा. आई ओसरीवरून नुसती पाहायची. ती "नको" म्हणायची नाही आणि "दे" असंही म्हणायची नाही. मग मीच भंगारवाल्याला चहा पाजून वाटेला लावायचो.

हा ऑटो का ठेवला, हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आज सांगायचं ठरवलं आहे.

आमचं नार्नूर म्हणजे आदिलाबाद जिल्ह्याच्या एका कडेला टेकलेलं गाव. उटनूरहून डोंगराच्या कुशीतून रस्ता येतो. पलीकडं जिवतीचा डोंगर, म्हणजे महाराष्ट्र. गावात मराठी आहे, गोंडी आहे, बंजारा आहे, तेलुगू आणि दखनीही आहे. बाजाराच्या दिवशी एकाच दुकानात पाच भाषांत मीठ मागितलं जातं आणि दुकानदार पाचही भाषांत उधारी नाकारतो. १९५६ साली भाषावार राज्यं झाली तेव्हा आमच्याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तिकडं गेले आणि आम्ही इकडं राहिलो. माझ्या आईचं माहेर किनवटकडचं. १९४१ साली ती जन्मली तेव्हा किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. लग्न होऊन ती नार्नूरला आली तोवर माहेर परराज्यात गेलं होतं. "मी कुठं हालले न्हाई, रेघच हालली," असं ती म्हणते. पुढं २०१४ साली आमचं राज्यही बदललं, २०१६ साली जिल्ह्याचे तुकडे झाले, शेजारचं जैनूर आसिफाबाद जिल्ह्यात गेलं. गाड्यांच्या पाट्या बदलल्या. लिंबाखालच्या आमच्या गाडीवर मात्र आंध्र प्रदेशाचा जुना आदिलाबादी नंबरच राहिला.

ही गाडी बाबांनी १९९१ साली नांदेडकडच्या एका माणसाकडून जुनी विकत घेतली. बजाजची, मागे इंजिन असलेली. आज रस्त्यावर दिसणारे बहुतेक ऑटो तसेच असतात, म्हणून कुणाला त्यात नवल वाटत नाही. पण बजाजच्या पहिल्या रिक्षांचं इंजिन पुढं, चालवणाऱ्याच्या पायाशी असायचं. कंपनीला दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा परवाना १९५९ साली मिळाला, मग इटलीच्या पियाजो कंपनीशी सहकार्याचा करार झाला, तो १९७१ साली संपला, आणि १९७७ साली मागे इंजिन असलेली रिक्षा आली. एकशेपंचेचाळीस सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं, आणि चालू करायचं ते बसल्या जागी दांडा वर ओढून. बाबांचा उजवा खांदा त्या दांड्यानंच दुखायला लागला होता, असं आई सांगते. पण दांडा डाव्या हाताशी असतो हे मी तिला कधी सांगितलं नाही.

मागे इंजिन असण्याचा फायदा आमच्याकडच्या माणसाला लवकर कळतो. ज्या चाकांना ओढ असते त्यांच्यावरच इंजिनाचं वजन बसतं, त्यामुळं पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातही चाक जरा तरी पकड धरतं. तोटा कळायला वेळ लागतो. इंजिन मागं, माणसं मागं, सामानही मागंच. सगळा भार दोन चाकांवर, आणि ती दोन चाकं बसणाऱ्याच्या जवळजवळ मांडीखालीच. चालवणारा बसतो मध्यात, पुढं, हलक्याफुलक्या एका चाकामागं. एकाच गाडीत बसून दोघांचा प्रवास निराळा होतो.

कागदावर तीन माणसांची गाडी. आमच्या रस्त्याला तीन माणसांत पेट्रोलही निघायचं नाही. मागं चार-पाच, चालवणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, टपावर कापसाची गाठोडी, पायाशी युरियाचं पोतं. बाबा तरीही हिशेबानं भरायचे. मी शाळेत मास्तर. पण १९९६ सालापासून बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी, कधी शाळा सुटल्यावर गाडी माझ्या हातात आली. मी हिशेब न करता भरायचो. दोन वर्षं तशीच गेली.

१९९८च्या उन्हाळ्यात बाबा एकदा गाडीत मागं बसून उटनूरला आले. डोळ्यांनी दिसत नसलं तरी गाडी त्यांना कानांनी दिसायची. उतरल्यावर म्हणाले, "डाव्या अंगाला ठक वाजतंय. मागचं बघ." मी "बघतो" म्हणालो. आठ दिवसांनी पुन्हा म्हणाले. मी म्हणालो, "बाबा, मला तर काही जाणवत नाही. गाडी लोण्यासारखी चालते." ते थोडं थांबले आणि म्हणाले, "तू पुढं बसतोस." एवढंच. मग त्यांनी कुणाला तरी सांगून आदिलाबादहून मागच्या हाताच्या बुशांची जोडी मागवली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती पुडी सीटखालच्या डब्यात पडून राहिली. या रविवारी बसवू, पुढच्या रविवारी बसवू. रविवारी तर जास्त भाडं मिळायचं.

नागपंचमीला माहेरी गेलेली आई पोळ्याच्या आधी परत यायला निघाली. किनवटहून आदिलाबाद, आदिलाबादहून उटनूर अशा दोन बस करून ती संध्याकाळी उतरली तेव्हा नार्नूरची शेवटची बस गेलेली होती. मी गाडी घेऊन आणायला गेलो. रिकामी कशाला आणायची म्हणून स्टँडवरची आणखी सहा माणसं घेतली, एका शेतकऱ्याचं खताचं पोतं घेतलं. आई मागं, डाव्या कडेला, मांडीवर माहेरची पिशवी घेऊन बसली. पाऊस भुरभुरत होता. अंधार पडता पडता एका मोरीपाशी आलो. पावसानं मोरीच्या तोंडाची माती वाहून नेली होती, ते पाण्याखाली दिसलं नाही. पुढचं चाक मी सराईतपणे उजवीकडून काढलं. डावं मागचं चाक खड्ड्यात गेलं आणि वर आदळलं.

मला हँडलात एक हिसका जाणवला. तेवढाच. मागं कुणीतरी "अगं आई" म्हणालं. ते आईच म्हणाली होती, हे मला घरी पोचल्यावर कळलं.

घरासमोर सगळे उतरले, ती उतरेना. "जरा थांब, पाय मुंग्यालेत," म्हणाली. मी आणि शेजारच्या माणसानं तिला उचलून खाली घेतलं तेव्हा तिनं दातावर दात दाबून धरले होते. दुसऱ्या दिवशी फोटो काढला. कमरेच्या वरचा एक मणका चेपला होता. डॉक्टरांनी मला फोटो उजेडात धरून दाखवला. बाकीचे मणके एकावर एक ठेवलेल्या चौकोनी ठोकळ्यांसारखे, आणि मधला एक पुढच्या बाजूनं दबलेला. वय सत्तावन्न, या वयात बायकांची हाडं ठिसूळ व्हायला लागतात, बसल्या जागी खालून जोरात धक्का बसला की असं होतं, असं ते समजावून सांगत होते. मी त्या ठोकळ्याकडं बघत होतो.

तीन महिने ती फळीवर पडून होती. उठली तेव्हा चार बोटं बुटकी झाली होती आणि पाठीला बाक आला होता. मला ती एका शब्दानं बोलली नाही. बाबाही बोलले नाहीत. त्यांनी फक्त गाडी लिंबाखाली ढकलून लावायला सांगितली आणि चावी देवळीत ठेवली. २००६ साली ते गेले. आई त्यानंतर बसमध्ये बसली, जीपमध्ये बसली, बैलगाडीतसुद्धा बसली. ऑटोत मात्र नाही. स्टँडवर उतरून घरापर्यंत काठी टेकत यायची. कुणी विचारलं तर "पायाला सवय ऱ्हाती" म्हणायची.

मी २०२४ साली निवृत्त झालो. एकसष्टाव्या वर्षी माणसाला अचानक मोकळ्या दुपारी मिळतात आणि त्या दुपारी कुठं न्यायच्या हे कळत नाही. एका दुपारी मी लिंबाखाली गेलो, सीट उचललं आणि डबा उघडला. वर्तमानपत्र हात लावताच चुरा झालं. बुशं होती, नवीच, एकदाही न वापरलेली, आणि तरीही मेलेली. रबर दगडासारखं कडक झालं होतं, नख लावलं तर तडकलं. त्या दिवशी मी ठरवलं की गाडीचं मागचं बघायचं.

उटनूरला एक जुने मिस्त्री आहेत. त्यांना सगळे चाचा म्हणतात. हात आता कापतो, त्यामुळं काम पोरं करतात आणि ते खुर्चीवर बसून कानानं देखरेख करतात. त्यांना गाडी दाखवायला आणलं. इंजिन गंजून बसलं होतं, त्याची कथा निराळी. ते पोरांनी उघडलं आणि दोन महिन्यांत बोलतं केलं. चाचांना मी सांगितलं की मला इंजिनाची घाई नाही, मला मागचं करायचं आहे. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्टरसाब, सामने बैठनेवाले कू क्या मालूम पडता? गाडी का पूछना है तो पीछे बैठनेवाले कू पूछो."

बाबांचंच वाक्य, फक्त भाषा निराळी.

या गाडीचं मागचं काम तसं साधं आहे. प्रत्येक मागच्या चाकाला एक लोखंडी हात असतो. हाताचं पुढचं टोक सांगाड्याला बोल्टनं जोडलेलं, मागच्या टोकाला चाक. चाक खड्ड्यात गेलं की हात खाली जातो, उंचवट्यावर चढलं की वर येतो, दाराच्या बिजागरीसारखा. दोन्ही हात स्वतंत्र, म्हणून एक चाक खड्ड्यात असताना दुसरं सपाट राहू शकतं. हात आणि सांगाडा यांच्यामध्ये स्प्रिंग, आणि तिच्या जोडीला शॉकअप. इंजिनाकडून चाकाला फिरवणारा आडवा दांडा दोन्ही टोकांना हलता ठेवलेला असतो, कारण इंजिन सांगाड्यावर असतं आणि चाक मात्र सारखं वर-खाली नाचत असतं.

स्प्रिंग आणि शॉकअप यांतला फरक मला या वयात कळला. स्प्रिंग धक्का गिळते, पण पचवत नाही. गिळलेलं सगळं परत ओकते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी ठेवली तर एका खड्ड्यासाठी ती चार वेळा उडेल. पचवायचं काम शॉकअपचं. त्याच्या नळीत तेल असतं आणि तेलात बारीक भोकांचा एक दट्ट्या. धक्का बसला की दट्ट्या तेलातून ढकलला जातो, तेल त्या बारीक भोकांतून कष्टानं वाट काढतं आणि त्या कष्टात धक्क्याचा जोर उष्णता होऊन विरतो. चांगला शॉकअप हातात धरून दाबला तर अडतो, ओढला तरी अडतो. आमचा उजवा शॉकअप थोडा तरी अडत होता. डावा सायकलच्या फाटक्या पंपासारखा सुळकन आत गेला आणि आतच राहिला. नळीवर वाळलेल्या तेलाचा आणि धुळीचा जाड थर होता. म्हणजे तो १९९८च्या आधीच कधीतरी गळून रिकामा झाला होता. मातीचा तो थर काही बसून राहण्यानं चढलेला नव्हता, रस्त्यावरचा होता.

पोरांनी गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडी ठोकळे लावले आणि डावं चाक काढलं. मी पाटावर बसून बघत होतो. डावी स्प्रिंग उजवीशेजारी उभी केली तर बोटाच्या पेराएवढी आखूड भरली. वर्षानुवर्षांच्या जादा भारानं ती बसली होती. बुशाचं भोक गोल नव्हतं, लांबट झालं होतं; बाबांनी ऐकलेला ठक तो. आणि शेवटी एका पोरानं हात वर उचलून सांगाड्याला टेकवला आणि चाचांना हाक मारली. हात फारच वर गेला तर तो सांगाड्यावर आपटू नये म्हणून तिथं एक रबराचा गट्टू असतो. डावीकडं गट्टू नव्हताच. त्याच्या जागी पत्र्यावर एक चकचकीत चट्टा होता, गंजानंसुद्धा पूर्ण न खाल्लेला, लोखंडानं लोखंडावर ठोकून ठोकून उमटवलेला.

त्या चट्ट्यावर मी बोट ठेवलं. मणक्याच्या फोटोतला तो दबलेला ठोकळा मला आठवला. शॉकअप रिकामा, स्प्रिंग बसलेली, गट्टू नाही; मोरीतून चाक वर आदळलं तेव्हा वाटेत त्या धक्क्याला अडवणारं काहीच उरलं नव्हतं. त्याच्या वरच आई बसली होती. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की खड्डा दिसला नाही. खड्डा खरंच दिसला नव्हता. पण गट्टू एका दिवसात झिजत नाही. ज्या ज्या दिवशी मी आठ-दहा माणसं भरली, त्या त्या दिवशी तो थोडा थोडा गेला होता, आणि मागच्या सगळ्यांनी तो सोसला होता. त्यांतली काही माणसं आजही रस्त्यात भेटली की मला नमस्कार करतात.

माझा धाकटा पुण्याला असतो. फोनवर हे सगळं ऐकून तो म्हणाला, "बाबा, तिकडं अमेरिकेत लोक अशाच जुन्या बग्गींचं मागचं नीट करत बसतात." मग त्यानं समजावून सांगितलं. १९६४ साली कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्स नावाच्या माणसानं फोक्सवॅगन बीटलचं मागचं इंजिन आणि चाकाखालचा संसार घेतला, वर फायबरचं हलकं धूड चढवलं आणि वाळूच्या टेकड्यांवर पळणारी गाडी केली. इंजिन मागं का, तर आमच्यासारखंच. वाळूत ओढीच्या चाकावर वजन हवं. बीटलच्या मागच्या बाजूला गोल स्प्रिंग नसते; आडव्या नळीत पोलादी कांब असते, ती पिळवटून धक्का झेलते. कांबेच्या एका टोकाला चाळीस दाते आणि दुसऱ्याला चव्वेचाळीस. एकीकडं एक दाता पुढं, दुसरीकडं एक मागं असं फिरवलं की गाडीची उंची बारीक फरकानं कमी-जास्त करता येते. त्यांची अडचण आमच्या उलट. मूळ गाडीचं जड धूड काढून हलकं चढवलं की कांबेवर पुरेसा भार येत नाही, मागचा भाग वर उचलला जातो, चाकं वाकडी उभी राहतात. मग ती कांब सोडवून, दाते मोजून पुन्हा बसवावी लागते. त्यांना भार कमी पडतो आणि आम्हाला जास्त होतो, एवढाच काय तो फरक. दोन्हीकडं काम एकच: जेवढा भार आहे तेवढ्यासाठी स्प्रिंग बसवणं.

स्प्रिंगांची नवी जोडी घेतली. शॉकअपचीही जोडीच घेतली. उजवा अजून थोडा जिवंत होता, म्हणून मी मास्तरी काटकसर करून "डावाच बदलू" म्हणालो. चाचांनी मान हलवली. एक नवा आणि एक जुना घातला तर गाडी प्रत्येक खड्ड्यात एका अंगाला कलते. गट्टू दोन्ही नवे. हे सगळं सामान आजही सहज मिळतं, कारण या घाटाची गाडी बनायची थांबली नाही.

अवघड काम होतं ते सांगाड्याचं. डावा हात जिथं जोडायचा तिथला पत्रा गंजून पापडासारखा झाला होता. तो कापून जाड पत्र्याचा तुकडा वेल्डिंगनं बसवला. वेल्डिंग झालं आणि चाचा म्हणाले की आता चाकं सरळ आहेत का ते बघायला हवं. कसं बघायचं? त्यांनी सुतळी मागवली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून डाव्या चाकाच्या मध्यापर्यंत एक माप, उजव्यापर्यंत दुसरं. चौतीस वर्षं मी फळ्यावर समद्विभुज त्रिकोण काढला. तो आमच्या अंगणात उभा आहे हे मला कधी सुचलं नव्हतं. डावी बाजू अर्ध्या बोटानं आखूड आली. पोरगं कुरकुरलं, "इतनेसे क्या होता?" इतकं वाकडं राहिलं तर टायर एका बाजूनं खाल्ला जातो, गाडी सारखी एकीकडं ओढते. वेल्डिंग कापून पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी सुतळीच्या दोन्ही गाठी जुळल्या.

मग बुशं. लोखंडी दोन नळ्या, एकात एक, आणि मध्ये चिकटवलेलं रबर. बाहेरची नळी हातात घट्ट, आतली नळी बोल्टनं सांगाड्याला घट्ट. हात वर-खाली झाला की मधलं रबर पिळतं आणि परत येतं. जुनी बुशं रॉकेलमध्ये दोन दिवस भिजवूनही हलेनात, शेवटी करवतीनं कापून काढली. नवी शिकंज्यात दाबून बसवली. हात जागेवर लावले, बोल्ट घातले आणि एका पोरानं पाना लावून जोर दिला, तसे चाचा खुर्चीवरून ओरडले.

बोल्ट आत्ता आवळायचे नाहीत. गाडी जॅकवर आहे, चाकं लोंबकळतायत. आत्ता आवळले तर रबराला वाटेल लोंबकळणं हीच आपली खरी जागा. मग गाडी खाली टेकली की ते कायमचं पिळलेलं राहील आणि वर्षभरात फाटेल. गाडी जमिनीवर उतरवायची, मागं माणसांचा भार द्यायचा, आणि त्या भाराखाली शेवटचा आवळा द्यायचा. म्हणजे रबर भारातच निवांत असतं.

गाडी खाली उतरवली, चाकांना दगड लावले. भार म्हणून मी युरियाची पोती आणायला सांगितली. दोन पोती सीटवर ठेवली, तिसरं आणायला पोरगं वळलं. ओसरीवरून आवाज आला.

"पोतं कामून? मी बसते की."

आई काठी टेकत अंगणात आली होती. त्र्याऐंशी वर्षांची, पाठीत वाकलेली. मी म्हणालो, "आई, अजून काम चालूय. तू कशाला?" ती माझ्याकडं न बघता चाचांना म्हणाली, "किती वजन पायजे?" चाचांना मराठी येत नाही असं नाही. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "अम्मा, आप बैठे तो बस है."

एक पोतं खाली काढलं. डाव्या कडेला जागा केली नव्हती; तीच तिथं जाऊन बसली. उजव्या बाजूला मी बसलो. मध्ये पोतं. मी त्या गाडीत मागं पहिल्यांदाच बसत होतो. विकत घेतल्यापासूनच्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदा. समोर चालवणाऱ्याची रिकामी जागा आणि हँडल दिसत होतं. रस्ता दिसत नव्हता. मागं बसणाऱ्याला खड्डा येताना दिसतच नाही, हे मला तिथं बसल्यावर कळलं. पाठीमागून पान्याचा आवाज येत होता. आधी उजवा बोल्ट, मग डावा. चाचा विचारत होते, "कस्या?" पोरगं म्हणत होतं, "कस्या."

आई म्हणाली, "ह्यांनी बुशं आणली व्हती ना?"

मी म्हणालो, "हो. डब्यातच होती. मी बसवली नाहीत."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पर तूबी सव्वीस वर्सं लई कसलेला राह्यलास रं."

मी काही बोललो नाही. बोलायला काही नव्हतंही. तिनं पिशवी धरावी तसे दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

गाडीचे कागद अजून व्हायचे आहेत. इतक्या जुन्या गाडीला फिटनेस मिळेल की नाही कुणास ठाऊक, म्हणून ती गल्लीबाहेर काढायची नाही असं मी ठरवलं आहे. पण २०२५च्या जानेवारीत पौष पौर्णिमा आली. आमच्या नार्नूरला त्या दिवशी खामदेवाची जत्रा सुरू होते. तोडसम घराण्याचे गोंड बांधव दुरून येतात, आणि त्या घराण्याची एक लेक देवापुढं दोन-अडीच किलो तिळाचं तेल पिते. सलग तीन वर्षं एकीनं हा मान चालवायचा, अशी रीत आहे. सगळ्या गावाचं चांगलं व्हावं म्हणून ती पिते. आईला दरवर्षी जत्रेचे ढोल ऐकू येतात. गल्लीच्या टोकाला उभं राहिलं की येणारी माणसं दिसतात. त्या टोकापर्यंत चालायला तिला आता अर्धा तास लागतो.

मी दांडा ओढला. चौथ्या ओढीला इंजिन बोललं. थोरल्याला म्हणालो, "तू चालव. हळू." आणि आईशेजारी मागं बसलो. गल्लीत आमच्या घरापासून तिसऱ्या घरासमोर नळाच्या पाइपासाठी खणलेला चर आहे, कुणी नीट बुजवलेला नाही. मला तो माहीत होता, पण मागून दिसला नाही. गाडी एकदा खाली गेली, एकदा वर आली आणि थांबली. दुसऱ्यांदा उडाली नाही.

मी आईकडं बघितलं. ती बाहेर बघत होती.

"चर व्हता का?" तिनं विचारलं.

"होता," मी म्हणालो.

"हं," म्हणाली आणि पदर सावरून पुन्हा बाहेर बघायला लागली. गल्लीच्या टोकाला ढोल वाजत होते.